अंदमान की लक्षद्वीप? आईबाबा आणि पोरांना घेऊन जायचं आहे, अनुभव सांगा

आर्वीकर

नमस्कार मंडळी. आम्ही वर्धा जिल्ह्यातले, आर्वीपासून आत गाव आहे. कपाशी, तूर आणि थोडा हरभरा. घरात आम्ही सहा जण: आईबाबा, मी, बायको आणि दोन पोरं. मोठी सातवीत, लहान चौथीत. आईबाबांनी पंढरपूर पाहिलं, काशी पाहिली, रामेश्वरही झालं. रामेश्वरला समुद्र पाहिल्यापासून बाबांच्या मनात आहे की एकदा बेटावर जाऊन राहायचं. यंदा कापसाचे पैसे वेळेवर आले, तेव्हा ठरवलंच आहे.

अंदमान आणि लक्षद्वीप या दोन्हींची माहिती काढली, पण जितकं वाचतो तितकं मन दोन्हीकडे ओढतं. अडचणी अशा:

बाबा माळकरी आहेत. मासे, अंडं काही चालत नाही, आणि ज्या भांड्यात मासे शिजतात त्यात त्यांचं जेवण शिजलेलं त्यांना नको असतं. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर चालते, पायऱ्या सावकाश चढते. पोरांना पाण्यातले मासे जवळून पाहायचे आहेत, पोहता दोघांनाही येत नाही. आणि शेत सोडून फार दिवस राहता येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जावं की उन्हाळ्यात, हाही प्रश्न आहे. दोन्हीकडे जाऊन आलेल्यांनी खरं ते सांगा. पैसे एकदाच जमतात, म्हणून इतकं विचारतो आहे.

धामणगावची

दादा, आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन अंदमानला गेलो होतो, म्हणून तुमची अडचण चांगली कळते. तुमच्या घरासाठी अंदमानच, असं माझं स्पष्ट मत आहे. का ते सांगते.

आधी जेवण. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम झालं आहे (2024 मध्ये बदललं), पण दुकानदार, रिक्षावाले सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. तिथे बंगाली, तमिळ, तेलुगू, उत्तरेकडचे असे सगळे लोक वस्तीला आहेत, त्यामुळे शुद्ध शाकाहारी खानावळी सहज सापडतात. इडली, डोसा, पोळी-भाजी, वरण-भात, काहीही मिळतं. सासऱ्यांचा एक दिवस उपाशी गेला नाही. आणि सगळीकडे हिंदी चालते. म्हाताऱ्या माणसांना हे फार मोलाचं असतं. सासूबाई भाजीवालीशी एकट्या बोलून यायच्या.

दुसरं म्हणजे सेल्युलर जेल. बाबांना समुद्र पाहायचा आहे हे खरं, पण जेल पाहिल्यावर तेच त्यांच्या जास्त लक्षात राहील. इंग्रजांनी 1858 पासून तिथे कैदी पाठवायला सुरुवात केली, हा तुरुंग 1896 ते 1906 या काळात बांधला. मधोमध मनोरा आणि त्याभोवती सात लांब इमारती होत्या, आता तीनच उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ येते, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचं तोंडही दिसू नये. कोठडीच्या दाराची कडी बघायला विसरू नका. ती दारावर नाहीच. दारापासून लांब, बाहेरच्या भिंतीत कोनाडा करून त्यात बसवली आहे, गजातून हात कितीही लांब काढला तरी पोचणार नाही. सासरे त्या कोनाड्यात हात घालून बराच वेळ उभे होते. आवारात तेलाचा कोलूही दाखवतात, बैलाच्या जागी कैद्यांना जुंपायचे. शेतकरी माणसाला ते बघून काय वाटतं हे मी लिहू शकत नाही.

सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, रांगेच्या अगदी टोकाला आहे. 1911 ते 1921 ते तिथे होते. पायऱ्या आहेत, पण कठड्याला धरून सावकाश चढता येतं. काकूंना घाई करू नका, मध्ये थांबत न्या. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम बसून पाहायचा असतो, तो नक्की पाहा. तिकीट आधीच काढून ठेवा.

संत्रावाला_वरूड

भाऊ, ताईनं बराबर सांगितलं. मी बी अंदमानले जाऊन आलो. तुमी शेतकरी मानूस हाये म्हनून एक सांगतो, नील बेटावर एक रात्र रायजा. आता त्याले शहीद द्वीप म्हंतेत. हॅवलॉक बेट झालं स्वराज द्वीप. नीलवर सपाट जमीन हाये, वांगे, भेंडी, काकडी, टमाटर, सारं तेथं पिकते अन् बोटीनं पोर्ट ब्लेअरले जाते. फायनीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या लोकाईले तेथं जमिनी देल्या होत्या. मी एका वावरात बसून त्या मानसासंग बोललो, बियानं कुठून आनतेत, फवारा कायचा मारतेत, सारं इचारलं. नारळाच्या खाली सुपारी, सुपारीच्या खाली भाजी. जमिनीचा एक हात वाया जात नाई.

अन् तेथच्या किनाऱ्याईचे नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर असे हायेत. तुमच्या बाबाले लय आवडन. भरतपूरचं पानी उथळ हाये, काचेच्या तळाच्या बोटीत बसून मासे दिसतेत. पोहता नाई आलं तरी काई अडत नाई.

पुसदचा_कोचीत

मी नोकरीनिमित्त कोचीला असतो आणि लक्षद्वीपला जाऊन आलो आहे. वरच्यांशी भांडायचं नाही, पण दुसरी बाजू नीट मांडतो, कारण लक्षद्वीपबद्दल लोक एक तर स्वर्ग म्हणतात किंवा ‘परमिटची कटकट’ म्हणून सोडून देतात.

आधी पाणी. अंदमान म्हणजे समुद्रात उभे असलेले डोंगर आणि जंगल. लक्षद्वीप म्हणजे प्रवाळाची कंकणाकृती बेटं, डोंगर नावाला नाही. एकूण 36 बेटं, त्यातल्या 10 बेटांवर वस्ती, आणि सगळी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. बेटाच्या पश्चिमेला प्रवाळाची भिंत आणि तिच्या आत अडलेलं शांत पाणी असतं. या आतल्या पाण्याला लाट नसते. पोरं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून खाली मासे बघतात. भारतात असा समुद्र दुसरीकडे नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. गर्दीही नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर तुमच्या घरची माणसं आणि चार मच्छीमार, बस्स.

आता अडचणी. भारतीय माणसालाही प्रवेश परवाना लागतो. ओळखपत्र, फोटो, पोलीस पडताळणी, आणि अर्ज नोंदणीकृत पर्यटन संस्थेमार्फत किंवा तिथल्या माणसाच्या हमीवर. पोरांचाही परवाना लागतो. महिनाभर हाताशी ठेवा. जायला मुख्य वाटा दोन: अगत्ती बेटाचं छोटं विमान किंवा कोचीहून जहाज. जहाजाला बेटानुसार साधारण 14 ते 20 तास लागतात. तिथल्या पर्यटन विभागाची ‘समुद्रम’ नावाची सहल आहे. जहाज कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी बेटं फिरवतं, दिवसा बेटावर आणि रात्री झोपायला परत जहाजावर.

काकांच्या जेवणाचं म्हणाल तर भात, नारळ आणि टुना हा तिथला रोजचा आहार. आधी कळवलं तर शाकाहारी जेवण मिळतं, पण वेगळ्या भांड्यात शिजवलेलं मिळेल याची हमी मी देणार नाही. भाषा मल्याळम, मिनिकॉयला महल नावाची वेगळी भाषा. बंगारम बेट सोडलं तर दारूबंदी आहे, पण वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला ते काय नवं. माणसं अतिशय सभ्य आहेत. रात्री बाईमाणूस एकटी फिरते, कुणी वळून पाहत नाही.

खारपाणपट्टा_दर्यापूर

पुसदचे दादा, तुम्ही पाण्याबद्दल लिहिलंत, पण पिण्याच्या पाण्याचं राहिलं. आमच्याकडे बोअर मारला की खारं पाणी लागतं, म्हणून कुठेही गेलं तरी माझं लक्ष आधी तिकडे जातं. लक्षद्वीपला नदी नाही, ओढा नाही. वाळूखाली पावसाच्या गोड पाण्याचा पातळ थर असतो, त्याच्या खाली लगेच समुद्र. उपसा जास्त झाला की विहीर खारट. कवरत्तीला 2005 मध्ये समुद्राचं पाणी गोड करणारा प्रकल्प सुरू झाला, रोज एक लाख लिटर क्षमतेचा. वरचं गरम पाणी कमी दाबात वाफ करायचं आणि खोल समुद्रातून आणलेल्या गार पाण्याने ती वाफ परत पाणी करायची. मला तर तो प्रकल्पच पाहायला जायचं आहे. आर्वीकर, तिथे गेलात तर आंघोळीला बादलीभरच पाणी घ्या, पोरांनाही समजावून सांगा. ते पाणी तिथल्या लोकांच्या तोंडचं आहे.

आर्वीकर

सगळ्यांचे आभार. बाबांना धामणगावच्या ताईंचं कडीचं वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, फक्त ‘पुन्हा वाच’ म्हणाले.

पुसदच्या दादा, जहाजातून बेटावर उतरतात कसं? आईचं काय होईल? आणि अंदमानला बोटी कितीदा बदलाव्या लागतात?

पुसदचा_कोचीत

हाच प्रश्न विचारायला हवा होता. बेटाभोवती प्रवाळ असल्यामुळे मोठं जहाज बऱ्याच ठिकाणी काठाला लागत नाही. समुद्रात थांबतं, खाली लहान होडी येते आणि जहाजाच्या बाजूच्या दारातून त्या होडीत उतरायचं. होडी वरखाली होत असते. खलाशी दोन्ही हात धरून उतरवतात, सवयीचे आहेत, पण पाऊल नेमकं वेळेवर टाकावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज दोनदा हे करायला लावणं मला बरोबर वाटत नाही. अगत्तीला विमानाने गेलात आणि तिथेच राहिलात तर हे टळतं. पण अगत्तीहून बंगारम किंवा तिन्नकरा पाहायचं म्हटलं की परत होडी आलीच.

धामणगावची

अंदमानला पोर्ट ब्लेअर ते स्वराज द्वीप, तिथून शहीद द्वीप, आणि परत, अशा मोठ्या बोटी आहेत. धक्क्यावरून फळी टाकलेली असते, सरळ चालत आत जायचं. खाजगी बोटी वातानुकूलित आणि वेगवान, दीड-दोन तासांत पोचवतात. सरकारी बोट बरीच स्वस्त आणि हळू. आम्ही जाताना खाजगी आणि येताना सरकारी घेतली. सासूबाईंना सरकारीच आवडली, डेकवर उभं राहून वारा घेता येतो. खाजगी बोटीत काचा बंद असतात, मळमळ त्यातच जास्त होते.

रॉस बेट (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) पोर्ट ब्लेअरच्या समोरच आहे. इंग्रजांच्या पडक्या इमारतींना झाडांच्या मुळांनी असं कवळलं आहे की भिंत कुठली आणि मूळ कुठलं ओळखू येत नाही. चढ आहे, पण बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मिळतात, काकूंना त्यात बसवा.

सिस्टर_दारव्हा

मी परिचारिका आहे, तेवढ्यापुरतं लिहिते. म्हातारी माणसं सोबत असली की जवळ दवाखाना कुठे आहे हे आधी बघायचं. पोर्ट ब्लेअरला जेलच्या आवारालगतच जी. बी. पंत हे मोठं सरकारी रुग्णालय आहे. लक्षद्वीपला कवरत्तीत रुग्णालय आहे, पण रुग्ण गंभीर झाला तर हेलिकॉप्टरने कोचीला हलवावं लागतं, आणि ते हवामानावर अवलंबून. बीपी, शुगर असेल तर हा मुद्दा हलका समजू नका.

गोळ्या सामानाच्या बॅगेत टाकायच्या नाहीत, अंगाजवळच्या पिशवीत ठेवायच्या, लागतात त्याहून आठवडाभर जास्त. बोट लागण्याची गोळी बोट सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर फार उपयोग नसतो. पण आईबाबांच्या रोजच्या गोळ्यांसोबत ती चालते का, हे तुमच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. बसायचं बोटीच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर, आणि नजर लांब क्षितिजावर. मोबाइल पाहत बसलं की हमखास उलटी होते. पोरांना प्रवाळावर अनवाणी चालू देऊ नका. त्याचा ओरखडा लवकर भरत नाही. पाण्यात जायचे रबरी बूट घ्या.

गुरुजी_भामरागड

आर्वीकर, अंदमानचं ठरत असेल तर एक विनंती. सहलवाले तुम्हाला बाराटांग बेटाची सहल देतील: चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी. त्या रस्त्याचा जवळपास 50 किलोमीटरचा पट्टा जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात, मध्ये थांबायला, फोटो काढायला, त्यांना काही द्यायला कायद्याने बंदी आहे. आदिम जमातींच्या संरक्षणाचा तिथला नियम 1956 पासूनचा आहे. तरी गाडीत बसलेला माणूस काचेला नाक लावून ‘दिसले का, दिसले का’ करतोच.

मी माडिया आदिवासींच्या गावांत शिकवतो. आमच्या पोरांकडे बाहेरून आलेले पाहुणे कसे पाहतात, न विचारता मोबाइल कसा रोखतात, हे मी रोज बघतो. पोरं दाराआड जातात. कुणाच्या अंगणातून जाताना त्याच्या पोरांना न्याहाळत जाणं हे आपल्या संस्कारात बसत नाही. गुहा पाहायच्या तर पाहा, तुमचा हक्क आहे, पण माझं मत विचाराल तर तो दिवस वगळा. पहाटे अंधारात निघावं लागतं, आईचे हाल होतील ते वेगळेच. त्याऐवजी पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरहून जॉली बॉय बेटावर जा. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं ते बेट आहे, प्लास्टिक नेऊ देत नाहीत, आणि मासे, प्रवाळ काठाजवळच दिसतात. तुम्ही तर सेवाग्रामच्या जिल्ह्यातले. वंडूरला मगरीच्या सूचनांचे फलक आहेत, ते वाचा आणि तिथे काठावर पोरांना पाण्यात सोडू नका.

संत्रावाला_वरूड

गुरुजी, पटलं. आमी गेलतो तवा आमच्या गाडीतल्या पोट्ट्यायनं मोबाइल काढले होते, डायवरनं गाडीतच खडसावलं. बराबर केलं त्यानं.

नवीन_लग्न_मूर्तिजापूर

मी सगळ्यांच्या विरुद्ध बोलते. आम्ही दोघं लक्षद्वीपला गेलो, आणि अंदमान आधी पाहिलेलं होतं. डिसेंबरात स्वराज द्वीपच्या राधानगर किनाऱ्यावर जत्रेसारखी गर्दी होती. किनारा सुंदर आहे, पण लाटा आहेत, पोहू न शकणाऱ्या पोरांना तिथे सतत धरून ठेवावं लागतं. लक्षद्वीपला कदमत बेटाच्या उथळ पाण्यात आम्ही सकाळी उतरायचो ते उन्हं चढेपर्यंत बाहेर यायचो नाही. एका समुद्रफुलाच्या झुबक्यात नारिंगी-पांढरे मासे होते, हात जवळ नेला की मोठा मासा पुढे येऊन उभा राहायचा, लहानांना मागे टाकून. हे मी तोंड पाण्यात घालून, पाय वाळूत टेकवून पाहिलं.

आर्वीकर दादांसाठी अंदमान ठीक आहे, मान्य. पण ज्यांच्यासोबत म्हातारी माणसं नाहीत, मांसाहार चालतो आणि एका जागी शांत राहायचं आहे, त्यांनी परवान्याला घाबरून लक्षद्वीप सोडू नये.

आर्वीकर

वेळेचं सांगा कुणी. दिवाळीत पोरांना सुट्टी आहे, विमानंही महाग व्हायच्या आत काढता येतील.

खारपाणपट्टा_दर्यापूर

दिवाळीत नको. एक तर वेचणी ऐन भरात असते, मजूर मिळत नाहीत, तुमचं लक्ष बेटावर लागणार नाही. दुसरं, ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ. अंदमानला तेव्हा परतीच्या मोसमाचा पाऊसही असतो. वारा वाढला की बोटी बंद करतात, आणि तुम्ही स्वराज द्वीपला असाल तर तिथेच अडकता, विमान सुटतं.

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, पण शाळा आणि तूर. म्हणून मी म्हणतो, पोरांची परीक्षा आटोपली की निघा. पाडव्याला नवा सालदार (वर्षाचा गडी) बसतो, तोवर त्याला बैलांची, घरची माहिती झालेली असते. आपल्याकडे 43-44 पारा, तिकडे 32 च्या आसपास. दमट आहे, घाम निघतो, पण समुद्र शांत आणि पाणी नितळ. मान्सून अंदमानात मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचतो, त्याच्या बऱ्याच आधी घरी या. म्हणजे वखरणीलाही हजर.

धामणगावची

अगदी बरोबर. आणि तिथे उजाडतं फार लवकर, एप्रिलअखेर पाचलाच लख्ख असतं आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपलं घड्याळ तेच, बेटं मात्र खूप पूर्वेला. त्यामुळे सकाळी सहालाच बाहेर पडा, दुपारी आईबाबांना झोपू द्या. शेतकऱ्याच्या घराला पहाटे उठायचं सांगावं लागत नाही.

आर्वीकर

ठरलं. एप्रिलअखेर अंदमान. वर्ध्याहून गीतांजलीने हावडा, एक रात्र कोलकात्यात, दक्षिणेश्वर करून विमान. आईला कालीमाता पाहायची होतीच. पोर्ट ब्लेअर, जेल, रॉस, मग स्वराज द्वीप, मग नील, परत पोर्ट ब्लेअर. बाराटांग वगळलं. जॉली बॉय बघू, आईची तब्येत पाहून. कोलकात्यात परत आल्याच्या संध्याकाळीच हावडा मेल आहे, ती धरावी म्हणतो.

पुसदचा_कोचीत

छान बेत आहे, फक्त शेवट घट्ट बांधू नका. नीलहून परत आल्यावर विमानाच्या आधी पोर्ट ब्लेअरला पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा, बोट रद्द झाली तर तोच कामी येईल. हावडा मेलही दुसऱ्या दिवशीची काढा. मोकळ्या दिवशी चॅथमची लाकडाची गिरणी पाहा, 1883 पासूनची आहे, पादौकचे ओंडके कसे कापतात ते बाबांना दाखवा. शिंपले, प्रवाळ पोरांनी खिशात घातले असतील तर विमानतळावर तपासणीत काढून घेतात, आधीच सांगून ठेवा. नीलवर रोख पैसे सोबत असू द्या, एटीएमच्या भरवशावर राहू नका. बोटीच्या तिकिटावर नावं आधार कार्डावर आहेत तशीच टाका, बाबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

संत्रावाला_वरूड

अन् भाऊ, नीलवर जान तं भेंडीचं बियानं कोनतं लावतेत ते इचारून येजा. मी गेलतो तवा त्या मानसानं नाव सांगितलं होतं, तो कागदच हरपला. बाकी समुद्राचं तं सारेच सांगतेत.